जनूभाऊंचं कडू पाणी

आमच्या शेजारचे जनूभाऊ कुणाच्याही घरी गेले की आधी दारातलं झाड चाखून बघतात. बाकीची माणसं चपला काढतात, "येऊ का?" असं विचारतात. जनूभाऊ एक पान खुडतात, जिभेच्या टोकावर ठेवतात आणि डोळे मिटून उभे राहतात. त्या वेळात त्यांच्याशी बोलायचं नसतं. मग डोळे उघडून निकाल देतात. "तुरट हाय. मावा येणार नाय, पण अळी सोडणार नाय." एवढं झालं की मगच चपला निघतात.

आम्ही उमरोळीत राहायला आलो त्या दिवशी टेम्पोतून सामान उतरत होतं आणि मी माझी तुळशीची कुंडी फाटकाशी टेकवून ठेवली होती. सांगोल्याहून, माझ्या माहेराहून, मांडीवर घेऊन आणलेली तुळस. एक उंच, वाळके गृहस्थ आले, तिचं पान तोडून तोंडात टाकलं आणि मला म्हणाले, "बाई, पाणी जास्त होतंय हिला." मी इथल्या शाळेत शिक्षिका म्हणून बदलून आले आहे हे त्यांना कुठून कळलं, देव जाणे. ओळख ना पाळख, आणि आल्या आल्या माझ्या तुळशीत खोट! या माणसाला चार हात लांब ठेवायचं असं मी तिथंच ठरवलं. पण आमची आणि त्यांची विहीर एक, मधली भिंत कमरेएवढी, आणि वारा त्यांच्या परसातून आमच्या परसात येणारा. कसली लांब ठेवते!

वाऱ्याचं मुद्दाम सांगितलं. जनूभाऊंची सगळी नोकरी तारापूरच्या एमआयडीसीत, कापड रंगवायच्या एका कारखान्यात, बॉयलरवर गेली. निवृत्त झाल्यावर माणसं देवळाच्या पायरीवर बसतात नाहीतर पत्ते कुटतात. जनूभाऊंनी किडींचा नाद धरला. परसात वांगी, भेंडी, वाल लावले आणि त्यांच्यावर पडणाऱ्या किडीसाठी झाडपाल्याची औषधं करायला घेतली. भिंतीच्या कडेला निळे ड्रम उभे राहिले. त्यांत करंजाचा पाला, निरगुडी, घाणेरी, लसूण, मिरच्या आणि गोमूत्र असं सगळं गुण्यागोविंदानं कुजत असे.

त्या वासाला मराठीत शब्द नाही. मी तीनदा साड्या धुऊन आत वाळत घालायला लागले तरी तो साड्यांत येई. पहिलीतल्या एका मुलीनं मला भर वर्गात विचारलं, "बाई, तुमी रोज काय खाता?" मी काही नाही म्हटलं, तर तिला ते खरं वाटलं नाही. बोईसरला फवारणीचा पंप दुरुस्त करणारा एक भय्या होता, तो तर जनूभाऊंना लांबूनच हात करायचा. "चाचा, पहले धो के लाओ. उसके बाद दुकान के अंदर आओ."

पण स्वतः जनूभाऊंना विचाराल तर ते काही तरी फार सभ्य काम करत होते. "मारायचं नाय, बाई," ते भिंतीवर कोपर टेकून मला समजावत. "एक मारली की दुसरी येते, अन् ती पहिलीपेक्षा निबर असते. वीट आणायचा. अळीनं पान तोंडाला लावलं की तिला वाटलं पायजे, नको बाबा, आज जेवणच नको. दोन-चार दिवस जेवली नाय की आपोआप खंगते. आपल्या हाताला पाप नाय."

आमचे हे तारापूरच्या अणुवीज प्लांटवर नोकरीला आहेत. पाळी करून आलेल्या माणसाला त्या वासात चहा प्यायचा म्हणजे काय ते मी बघत होते. एकदा ते वैतागून म्हणाले, "जनूभाऊ, वीटच आणायचा तर ही एवढी उस्तवार कशाला? रोज तासभर अळीशेजारी बसून बोलत चला." मी पदरात तोंड लपवलं. जनूभाऊंनी मात्र त्यावर गंभीरपणे विचार केला. "ऐकू येत नाय ना तिला," ते म्हणाले, आणि पुन्हा ड्रम ढवळायला लागले.

सुरुवातीला सगळं फसत होतं, कारण बॉयलरवर जन्म गेलेल्या माणसाची एकच श्रद्धा असते. कशालाही वाफ दिली की गुण येतो. पहिला सबंध हंगाम जनूभाऊंनी निंबोळ्या ठेचून रटरटा उकळल्या. उकळलेला अर्क वांग्यांवर मारला आणि अळ्या बाळसं धरायला लागल्या. "हिवाळ्यात गरम पाणी मिळाल्यासारख्या माजल्या होत्या," असं त्यांच्या बायको, शालनवहिनी, सांगतात. निंबोळीचा गुण उकळण्यात निघून जातो, ती रात्रभर थंड पाण्यात भिजवायची असते, हे त्यांना कुणीतरी सांगितलंही होतं. पण थंड पाण्यात काही होतं यावर त्यांचा विश्वासच बसेना. पुढच्या हंगामात नाइलाजानं भिजवली आणि गुण आला, तेव्हा बिचारे दोन दिवस उदास होते.

मग त्यांना कळलं की निंबोळीचं दुसरं वैर उन्हाशी आहे. उन्हात अर्काचा जोर उतरतो. झालं! त्या दिवसापासून फवारणी दिवे लागायच्या सुमाराला, आणि बादली घेऊन विहिरीपासून वांग्यांपर्यंत जायचं तरी बादलीवर छत्री. ऐन दुपारी जनूभाऊ एका हातात बादली आणि दुसऱ्या हातात छत्री घेऊन निघाले आहेत, छत्री पूर्ण बादलीवर धरली आहे आणि स्वतःचं टक्कल चकाकतंय, हे दृश्य आमच्या आळीत कुणाला नवीन राहिलं नाही. आमच्याकडे आलेले पाहुणे तेवढे दचकत.

निंबोळ्यांची पण एक गंमत. इकडे किनाऱ्याला कडुनिंब बेताचाच. आमच्या सांगोल्याकडे रस्त्याच्या दुतर्फा दुसरं झाड नाही. हे जनूभाऊंना समजलं आणि माझ्या माहेरपणाला साडेसाती लागली. मे महिन्याच्या सुट्टीत मी निघाले की ते एसटीपर्यंत सोडायला येत आणि हातात रिकामी गोणी देत. "पिवळ्या झालेल्याच वेचा हां, बाई. अन् सावलीत वाळवा." सासरी परतणाऱ्या लेकी ज्वारी आणतात, शेंगदाण्याची चटणी आणतात. मी निंबोळ्यांचं पोतं आणायची. माझ्या आईनं एकदा विचारलंच, "पोरी, तिकडं तुला जेवायला घालतात ना गं?"

आता शालनवहिनींबद्दल सांगायला हवं. ठेंगण्या, गोऱ्या, तोंडात कायम विड्याचं पान. माहेर केळव्याचं. तिथं त्यांच्या भावाची, मोरूभाऊंची, नारळी-पोफळीची वाडी आहे आणि पोफळींवर पानवेली चढवलेल्या आहेत. दर आठवड्याला तिथून पानांची पुडी यायची आणि वहिनी ती ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायच्या. बोलणं तिखट. "कण्हेरीचं पान तेवढं चाखत नायत," नवऱ्याबद्दल त्या मला म्हणाल्या होत्या, "तेवढी अक्कल देवानं शिल्लक ठेवलीय." पण ते वासाचं सगळं साम्राज्य त्यांनी निमूट चालवून घेतलं होतं. त्यांचा बांध फुटला तो साडीपायी.

अर्क नीट गाळला नाही की पंपाचं तोंड चोंदतं. जनूभाऊंनी गोणपाट लावून पाहिलं, मच्छरदाणी फाडून पाहिली, माझ्या ह्यांचा एक बनियन दोरीवरून गेला तो अजून सापडलेला नाही. शेवटी त्यांना हवं तसं कापड मिळालं. मऊ, सुती, दाट विणीचं. हाताला मऊ लागतंय म्हणजे जुनंच असणार असं त्यांनी धरलं. ती वहिनींची नवी पिवळी साडी होती. भावानं भाऊबीजेला घेतलेली, गौरींसाठी ठेवलेली, एकदा पाण्यातून काढून नुकतीच वाळत टाकलेली. वहिनी बाजारातून आल्या तेव्हा साडी ड्रमाच्या तोंडावर ताणून बांधली होती आणि तिच्या मधोमध हिरवा लगदा बसला होता.

वहिनी एक शब्द बोलल्या नाहीत. त्या बोलल्या नाहीत म्हणूनच मी घाबरले. दुसऱ्या दिवशी पिशवी भरली आणि गणपतीला म्हणून भावाकडे निघाल्या. जाताना भिंतीशी आल्या. "बाई, त्या ड्रमाचा वास गेला की मला कळवा. मग येईन मी."

"येईल," जनूभाऊ म्हणाले. "माहेरपण हाय तिचं."

गणपती गेले, गौरी गेल्या, नवरात्र आलं. वहिनींचा पत्ता नाही. जनूभाऊ दोन्ही वेळा भात करत आणि त्याच्यावर काहीतरी लाल ओतून खात. मी भाजी दिली की घेत, पण ती आधी जिभेच्या टोकावर ठेवून बघत. मी स्वयंपाकीण म्हणून जगात कुणाकडून एवढा अपमान सोसला नसता. पण घरात एकटा माणूस राहिला की त्याच्या भांड्यांचा आवाज बदलतो. तो रोज ऐकू येत होता आणि मला वाईट वाटत होतं.

दोघांनी एकमेकांना फोन म्हणून केला नाही. फोन यायचा मला.

"काय बाई, वास येतो का?"

"येतो हो, वहिनी."

"बरं." की ठेवला.

मी फोन ठेवायच्या आत भिंतीवर जनूभाऊंचं कोपर आलेलं असायचं. "कुणाचा होता?"

"वहिनींचा."

"काय म्हणाली?"

"वास येतो का म्हणत होत्या."

"मग तुमी काय सांगितलंत?"

"येतो म्हटलं."

"बरोबर हाय. खरं तेच सांगायचं." आणि ते वांग्यांत निघून जायचे. मला त्या दोघांनाही समोर बसवून चांगलं फैलावर घ्यावंसं वाटे. शाळेत चाळीस मुलं सांभाळणं सोपं, ही दोन म्हातारी सांभाळणं नव्हे.

दसरा झाल्यावर जो फोन आला तो निराळा होता. वहिनी वासाचं विचारायच्या विसरल्या. पानवेलींवर पांढरी माशी पडली होती. पानं चिकट झाली होती, त्यांच्यावर काजळी धरत होती. "मोरू म्हणतो, दुकानातलं औषध आणतो. दिवाळीपर्यंत बघतो म्हणाला, नाय तर मारतो सगळ्या वाडीला."

मी हे भिंतीवरून जनूभाऊंना सांगितलं. ते ड्रम ढवळत होते. ढवळायचे थांबले. "पानांवर?" त्यांनी विचारलं. मग काठी तशीच ड्रमात सोडून ते घरात गेले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळे ड्रम ओतले. त्याबद्दल मी फार लिहीत नाही. त्या दिवशी आळीत कुणी जेवलं नाही एवढं सांगते. पण मग त्यांनी ते ड्रम राखेनं घासले, उन्हात पालथे घातले आणि एका छोट्या बादलीत नव्यानं सुरुवात केली. "वांगं आपण शिजवतो, बाई," त्यांनी मला सांगितलं. "भेंडी शिजवतो. पान कच्चं खातात. निंबोळी मारली तर माशी जाईल, पण पान कडू जहर होईल. अन् लसणाचा वास राहिला तर कोण तोंडात घालील?"

म्हणजे किडीला वीट यायला हवा आणि माणसाला येता कामा नये. असा पेच होता. जनूभाऊ भलतेच खूश दिसत होते, आणि भलतेच घाबरलेलेही. लसूण गेला, मिरची गेली, गोमूत्र गेलं. निंबोळी कमी कमी होत गेली आणि तिच्या जागी रिठा आला. रिठ्याचा फेस माशीच्या पंखांवर बसतो आणि अर्क पानाला धरून ठेवतो, असा हिशोब. रिठा जास्त झाला तेव्हा कोवळी पानं करपली. कमी झाला तेव्हा माशा आंघोळ करून ताज्या झाल्या. विहिरीजवळच्या शेवग्यावर त्यांनी केळव्याचीच एक पानवेल चढवली होती, तिच्यावर सगळे प्रयोग. आणि माझ्या दारातल्या मिरच्यांवर, कारण पांढरी माशी माझ्याकडे भरपूर होती.

चाखायला एक जीभ पुरेना. "माझी जीभ आता साक्षीला चालायची नाय," जनूभाऊ म्हणाले. "तिला कडूची सवय झालीय." मग रोज संध्याकाळी भिंतीवर बशी यायची आणि बशीत दोन पानं. एक माझं, एक ह्यांचं. ह्यांनी पहिल्या दिवशी चावलं आणि प्लांटवर असते ती सगळी सुरक्षा आठवल्यासारखा चेहरा केला. हळूहळू चेहरे कमी वेडेवाकडे व्हायला लागले. आणि एका संध्याकाळी मी पान चावलं तर ते पानासारखंच लागलं. नुसतं तिखटसर, गार पान. मी म्हटलं, "जनूभाऊ, यात काही घातलंय का?" ते माझ्याकडे बघतच राहिले. माझ्या मिरच्यांवरची माशी तोवर निम्म्याहून खाली आली होती.

त्या आठवड्यात वहिनींचा फोन आला. "वास येतो का?"

"नाही येत," मी म्हटलं. खरंच येत नव्हता.

मग वहिनी हळूच म्हणाल्या, "मग काय करतात ते? आजारी बिजारी नायत ना?"

मी सगळं सांगितलं. वहिनी म्हणाल्या, "येऊ द्या मग त्यांना. मोरूला मी थांबवते." स्वतः येते असं काही म्हणाल्या नाहीत.

शनिवारी सकाळची शाळा झाली आणि मी जनूभाऊंना माझ्या स्कुटीवर मागं बसवून केळव्याला निघाले. त्यांच्या मांडीवर अर्काचा कॅन, पाठीला पंप, आणि कॅनवर छत्री. मुंबईहून समुद्रावर आलेल्या गाड्या आमच्या मागून हॉर्न देत होत्या आणि काचा खाली करून माणसं बघत होती. मी जन्मात एवढी सावकाश गाडी चालवली नाही.

वहिनींनी ओटीवर चहा आणला. कप माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "त्यांना विचारा, साखर बस का."

जनूभाऊ दोन्ही हात मांड्यांखाली घेऊन बसले होते. मला म्हणाले, "बस हाय म्हणावं."

"आणि बारीक झालेत म्हणावं. भातच खात असतील."

"नाय म्हणावं. बाई भाजी देतात."

मी चहा पिऊन टाकला आणि म्हटलं, मी इथं शाळा घ्यायला आलेली नाही. मोरूभाऊ हसले. ते माणूस भले होते. त्यांचं म्हणणंही सरळ होतं. "भावजी, तुमचं औषधाचं पाणी वाईट नाय म्हणत मी. पण पान माझं पोट हाय. दोन ओळी देतो. आठ दिवसांत माशी हटली अन् पान चांगलं राहिलं, तर सगळी वाडी तुमची. नाय तर मी माझ्या वाटेनं जातो."

दिवे लागायच्या वेळेला जनूभाऊंनी त्या दोन ओळी फवारल्या. पानाच्या पाठीला, खालून वर, एकेक वेल हातात धरून. वहिनी पोफळीला टेकून बघत होत्या. मला पुन्हा एकदा वाटलं की आता तरी कुणी काही बोलेल. जनूभाऊ पुढच्या वेलीकडे वळले.

पुढच्या शनिवारी आम्ही परत गेलो. वाडीत शिरलो तेव्हा जनूभाऊंच्या आधी मोरूभाऊच पुढं झाले. एक वेल झटकून दाखवली. एखाददुसरी माशी उडाली. शेजारच्या, न फवारलेल्या ओळीत वेल हलवली तर पांढरा भुसा उधळावा तशा माशा उठल्या. "मानलं, भावजी," मोरूभाऊ म्हणाले. जनूभाऊंच्या चेहऱ्यावर हसू आलं नाही. ते वहिनींकडे बघत होते.

वहिनींनी फवारलेल्या ओळीतलं एक पान तोडलं, पदराला पुसलं आणि तोंडात टाकलं. वाडीत वर कुठंतरी एक झावळी घासत होती. वहिनी चावत राहिल्या. ह्या बाईला खोटं बोलता येत नाही हे मला माहीत होतं, तरी त्या क्षणी मी मनात म्हटलं, बोला वहिनी, एकदा खोटं बोला.

"कडू हाय," वहिनी म्हणाल्या.

मी पटकन एक पान तोडून चावलं. होतंच. फार नाही, पण जिभेच्या मागं सरपटत जाणारं, ओळखीचं कडू. माझ्या सांगोल्याचं.

"असं कसं?" मी म्हटलं. "घरी तर नव्हतं!"

जनूभाऊ वर बघत होते. पोफळींच्या डोक्यावर नारळ, नारळांच्या झावळ्या एकमेकींत गुंतलेल्या. खाली जमिनीवर उन्हाचा एक कवडसा नव्हता. "शेवग्याखाली ऊन येतं," ते सावकाश म्हणाले. "दोन-तीन दिवसांत कडू उतरतं. इथं ऊनच नाय. इथं ते जातच नाय." मग स्वतःशीच मान हलवली. "इतकी वर्सं उन्हाला शिव्या घातल्या मी. अन् पान गोड तेच करत होतं."

मोरूभाऊंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "माशी गेली हे खरं, भावजी. पण कडू पान बाजारात कोण घेईल? उद्या मी दुकानातलं मारतो. रागावू नका."

"रागवायचं काय त्यात?" जनूभाऊ म्हणाले आणि खाली बसून पंपाचा पट्टा गुंडाळायला लागले. पट्टा नीट बसेना. दोनदा गुंडाळला, दोनदा सोडला. मला तिथं उभं राहवेना.

"मोरू," वहिनी एकदम म्हणाल्या, "मारशील तेव्हा ह्या दोन ओळी सोडून मार. त्या माझ्या."

"कडू पानं खाणार तू?"

"खाईन नाय तर गाईला घालीन. तुला काय करायचंय?" आणि त्या तरातरा घरात गेल्या. परत आल्या त्या भरलेली पिशवी घेऊन. सरळ जनूभाऊंच्या पुढ्यात येऊन उभ्या राहिल्या. गणपतीनंतर पहिल्यांदा त्या नवऱ्याशी, मला मध्ये न घालता, बोलल्या.

"त्या वासाला कंटाळून इथं आले, तर तुमी कडू घेऊन इथंपण आलात. मग माझं घर काय वाईट हाय? चला. अन् नवी साडी घ्यायची. दोन."

जनूभाऊंनी मान डोलावली. ते इतक्या घाईनं उठले की पंप कलंडला.

तिघं काही स्कुटीवर बसणार नव्हतो. मोरूभाऊ रिक्षा आणायला गेले, वहिनी आत वहिनीचा, म्हणजे भावजयीचा, निरोप घ्यायला गेल्या आणि मी आणि जनूभाऊ फाटकाशी उभे राहिलो. खरं तर जिंकून चालले होते ते. तरी त्यांचं लक्ष वेलींकडेच होतं.

मला राहवेना. "जनूभाऊ," मी म्हटलं, "वहिनी येतायत, आता मनाला कशाला लावून घेताय? आणि एवढं जिवाचं रान तरी कशासाठी केलंत? मोरूभाऊंनी औषध मारलं असतं, सांगितले तेवढे दिवस थांबून पान तोडलं असतं, धुऊन खाल्लं असतं. सगळं जग असंच खातं."

"ती धूत नाय," जनूभाऊ म्हणाले.

"काय?"

"पान. शालन पान धूत नाय. आता बघितलंत ना? तोडते, पदराला पुसते अन् तोंडात टाकते. लग्नाच्या आधी आमी तिला बघायला आलेलो, तेवा पण तिनं याच वाडीत तसंच खाल्लं होतं. मी समोर बसलेलो, तरी." त्यांना ते आठवून हसू आलं. "दुकानातलं मारलेलं पान ती तसंच तोंडात टाकील. दिवस मोजत बसणारी हाय का ती?"

मी थक्क झाले. "अहो, मग वहिनींना सांगायचं ना, की धुऊन खा! एका वाक्याचं काम. त्यासाठी अख्खं औषध बदलत बसलात?"

"सांगितलेलं मी. नवीन लग्न होतं तेवा. म्हणाली, धुतलं की पानाची चव जाते." त्यांनी पंप या हातातून त्या हातात घेतला. "मी दोन्ही खाऊन बघितली. खरंच जाते, बाई. तिचं बरोबर हाय."

आमच्या घरी एका माणसाला आलं आवडत नाही म्हणून मी लग्नापासून बिनआल्याचा चहा पिते आहे. आणि हा माणूस बायकोला पान धुवायला लावायचं सोडून सगळी पांढरी माशी गोड बोलून घालवायला निघाला होता. माझे डोळे भरून आले, ते मी लपवलेही नाहीत. आजवर त्यांच्या वासाच्या ज्या तक्रारी केल्या होत्या, त्या सगळ्या मी मनातल्या मनात परत घेतल्या.

वळणावर रिक्षाचा आवाज आला. आतून वहिनी कुणाला तरी मोठ्यानं सांगत होत्या की नारळ इतके नकोत, दोनच द्या.

"हे मी सांगू का हो वहिनींना?" मी घाईघाईनं विचारलं. "तुम्हाला नाही जमायचं. मी सांगते."

जनूभाऊ एकदम दचकले. त्यांनी घराकडे बघितलं आणि आवाज खाली केला.

"नको हां, बाई. तिला कळलं तर धुवायला लागंल ती."